नाही म्हणा, पण कागदावर म्हणा!

परदेशात जाऊन आलेला पाहुणा भेटला की तिकडच्या रस्त्यांबरोबर तिकडच्या बँकांचेही कौतुक ऐकायला मिळते. तिकडचा कारकून म्हणे हसून बोलतो, बसायला खुर्ची देतो, काम पाच मिनिटांत उरकते. हे ऐकले की आपला शेतकरी सुस्कारा टाकतो. त्याला आठवतो आपल्या शाखेतला काउंटर, "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या" हे वाक्य आणि एका सहीसाठी घातलेले चार खेटे.

परंतु शेतकरी बंधूंनो, हसणे आणि खुर्ची हा वरवरचा भाग झाला. गोड तर सावकारही बोलायचा. ओसरीवर बसवायचा, पान द्यायचा आणि मग कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. बँक गिऱ्हाइकाला कसे वागवते हे ओळखायचे असेल तर एक सोपी परीक्षा आहे. बँक जेव्हा "नाही" म्हणते, तेव्हा ते तोंडी म्हणते की कागदावर? "तुम्हाला कर्ज मिळणार नाही", "तुमचे पैसे आज मिळणार नाहीत" हे सांगताना ती कारण आणि मुदत लिहून देते काय? देशोदेशीच्या बँकांतला खरा फरक इथे कळतो. आणि गंमत अशी की या बाबतीत आपले नियम परदेशापेक्षा फार मागे नाहीत. मागे आहे ती आपली मागण्याची सवय.

समुद्राचा सातबारा

यासाठी उदाहरण घेतो ते आपल्या तालुक्याचे नाही, मुंबई उपनगरातल्या वर्सोव्याचे. तिथे १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. शेततळ्यातल्या मत्स्यपालनाच्या कामामुळे आमच्यासारख्या कृषी खात्यातल्या माणसांचे तिकडे जाणे होते. संस्थेचे काम आटोपले की पाय आपोआप वेसाव्याच्या कोळीवाड्याकडे वळतात. वर्सोवा हे नाव शहराने रूढ केले, कोळी बांधव अजून वेसावेच म्हणतात. एका बाजूला कोट्यवधींचे फ्लॅट, दुसऱ्या बाजूला खाडीत नांगरलेल्या बोटी आणि बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. बँकेच्या शाखा म्हणाल तर पावलापावलाला. आपल्या गावाला बँक दहा किलोमीटरवर, यांना रस्ता ओलांडला की बँक. म्हणजे यांचे तरी चांगले चालले असेल, असे कोणालाही वाटेल.

एका तांडेलाशी बोललो. बोट स्वतःची, नोंदणी झालेली, मासेमारीचा परवाना हातात. डिझेल आणि बर्फासाठी खेळते भांडवल हवे म्हणून तो एका बँकेत किसान क्रेडिट कार्ड मागायला गेला. काउंटरवरच्या माणसाने त्याच्याकडे सातबारा मागितला! तांडेल मला म्हणाला, "साहेब, आमची शेती ती समोर. तिचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो ते तुम्हीच सांगा." हसण्यावारी नेले, पण त्यात दुखणे होते. अर्ज घेतलाच नाही, मग नाकारल्याचा कागद कुठला? अर्ज नाही, नकार नाही, नोंद नाही. बँकेच्या दप्तरी असा माणूस कधी आलाच नव्हता.

आता नियम काय सांगतो ते पाहू. किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ साली शेतकऱ्यांसाठी सुरू झाली. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती पशुपालक आणि मच्छीमारांसाठी खुली केल्याचे जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना तसे परिपत्रक काढले. समुद्रातल्या मासेमारीसाठी त्यात जमिनीची अट नाही. नोंदणी झालेली बोट स्वतःची किंवा भाड्याची हवी आणि मासेमारीचा परवाना हवा, एवढेच. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, बंदरावरचे शुल्क हा सगळा खर्च त्यात धरायचा आहे. महिलांचे गट आणि बचत गटही पात्र आहेत. पिकासाठी एकरी कर्जदर ठरवणारी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती आपल्याला ठाऊक आहे. तीच समिती मासेमारीचाही दर ठरवते. विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये झाली आहे. वर एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

म्हणजे दिल्लीने हो म्हटले, मुंबईने हो म्हटले, रिझर्व्ह बँकेने हो म्हटले. नाही म्हटले ते फक्त काउंटरने, आणि तेही तोंडी.

या तोंडी नकाराची किंमत किती? हिशोब करू. मत्स्यव्यवसायाच्या कार्डावर २ लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्के व्याज आणि वेळेवर फेडल्यास तीन टक्के सूट, म्हणजे चार टक्के पडते, अशी ती सवलत आहे. पूर्ण २ लाख वर्षभर वापरले तरी व्याज ८ हजार रुपये. तेच २ लाख शेकडा तीन रुपये महिना या दराने बाहेरून उचलले तर वर्षाचे व्याज ७२ हजार. वरचे ६४ हजार रुपये कोणाच्या खिशातून गेले? शिवाय व्यापाऱ्याची उचल घेतली असेल तर मासळी त्यालाच घालायची आणि भाव त्यानेच सांगायचा. कांदा, द्राक्ष, भाजीपाला पिकवणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. उचल हा शब्द खाडीत आणि रानात सारखाच चालतो.

अमेरिकेत तीस दिवस

आता जरा बाहेर डोकावू. अमेरिकेत १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला. त्या काळी तिकडे बायकांना नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज द्यायला बँका का कू करीत. काळ्या लोकांच्या वस्त्यांची तर गत आणखी वाईट. १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे काढून कर्जाला धोक्याच्या म्हणून ठरवलेल्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या. त्या लाल वस्तीत राहणारा माणूस कितीही कष्टाळू असला तरी पत्ता पाहूनच बँक त्याला परत पाठवी. म्हणजे अमेरिकेतल्या बँका जन्मजात सज्जन होत्या असे मुळीच नाही.

कायद्याने काय केले? कर्जाचा अर्ज पूर्ण आला की तीस दिवसांत बँकेने निर्णय कळवायचा. नाकारला तर नेमके कारण लेखी द्यायचे, किंवा कारण मागण्याचा तुमचा हक्क आहे हे लेखी कळवायचे. "आमच्या धोरणात बसत नाही" असे मोघम उत्तर चालत नाही. उत्पन्न कमी पडते, जुनी थकबाकी आहे, जे असेल ते सांगायचे. पुढे १९७७ मध्ये दुसरा कायदा आला. ज्या भागातून ठेवी गोळा करता त्या भागातल्या गरिबांच्या कर्जाच्या गरजा भागवता की नाही, याची तपासणी करून बँकेला शेरा द्यायचा, असे त्यात ठरले. हा शेरा आज जाहीर होतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा तो कोणीही वाचू शकतो.

लेखी कारणाने कर्ज मिळतेच असे नाही. पण माणसाला कळते की आपले कुठे अडले. आणि शंभर माणसांना एकाच वस्तीत एकच कारण मिळाले, तर ते शंभर कागद घेऊन जाब विचारता येतो. तोंडी नकार शंभर जणांना मिळाला तरी तो शंभर ठिकाणी विरून जातो.

आता ऐका. हाच नियम आपल्याकडेही आहे. कर्ज देणाऱ्या बँकांनी न्याय्य व्यवहार कसा करावा याची संहिता रिझर्व्ह बँकेने २००३ साली घालून दिली. कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यावी, छोट्या कर्जांबाबत किती दिवसांत निर्णय होईल ते सांगावे आणि अर्ज नाकारल्यास मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे तिच्यात आहे. लेखी कारणाची अट आधी छोट्या कर्जांपुरती होती, पुढे सर्व कर्जांना लागू झाली. माझ्या कामात शेतकऱ्यांच्या कर्जाची प्रकरणे रोज नजरेखालून जातात. परंतु नकाराचे लेखी कारण हातात घेऊन आलेला शेतकरी मला विरळाच भेटला. मागितलेच नाही, तर मिळणार कुठून?

जपानची मासळी आणि पासबुक

बँकवाले म्हणतील, कोळ्याचे उत्पन्न आम्ही मोजायचे कसे? आज बोट भरून येते, उद्या रिकामी. प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर जपानमध्ये सापडते.

जपानच्या किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्था आहेत. १९४८ च्या कायद्याने त्यांची आजची घडी बसली. बोट धक्क्याला लागली की सभासदाची मासळी संस्थेच्या लिलावात जाते. पैसे संस्थेमार्फत त्याच्या खात्यात जमा होतात. इंधन, बर्फ, जाळी यांची खरेदीही संस्थेकडून. कर्जव्यवहार संस्था स्वतः किंवा तिचा प्रांतिक संघ पाहतो आणि सर्वांत वर शेतकरी, वनकरी व मच्छीमार यांच्या सहकारी संस्थांची नोरिनचुकिन ही बँक १९२३ पासून उभी आहे. अशा व्यवस्थेत कर्ज देणाऱ्याला सातबारा मागावा लागत नाही. माणूस किती दिवस समुद्रात गेला, किती मासळी आणली, कोणत्या महिन्यात हात आखडतो, हे सगळे वहीतच असते. हप्ता मासळीच्या पैशातून वळता होतो आणि त्याचाही आकडा पासबुकात दिसतो.

आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. साखर कारखाना उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापून घेतो, दूध संघ दहा दिवसांचे बिल बँकेत भरतो, हे तेच तत्त्व आहे. ज्या मालाची पट्टी बँकेच्या खात्यातून फिरते, त्या मालाला बँक कर्ज देते. ज्याची पट्टी व्यापाऱ्याच्या खिशात राहते, त्याला सातबारा विचारला जातो. वेसाव्यातही मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या आहेत. सभासदांच्या डिझेलची नोंद आणि विक्रीच्या पट्ट्या एका फाईलमध्ये लावून सोसायटीने बँकेपुढे ठेवल्या, तर "उत्पन्न कसे मोजायचे" हा प्रश्नच मिटतो.

शेजारच्या बांगलादेशातही एक धडा आहे. तिथली ग्रामीण बँक १९८३ मध्ये कायद्याने उभी राहिली. बँकेचा माणूस आठवड्याला वस्तीवर जातो. कर्जदार बहुतेक बायका, तारण काही नाही. कर्जाची देवघेव सर्वांसमोर आणि नोंद तिथेच. बायको-माणसाने रोजगार बुडवून बँकेत जाण्याऐवजी बँकच तिच्या दारी आली. पहाटे बंदरावर जाऊन दिवसभर बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या कोळी मावशीला दुपारी दोन वाजता बँकेत या म्हणणे, म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखेच नाही काय?

हा हक्क आपल्याच मातीतला

कोणी म्हणेल, परदेशातली ही कौतुके आपल्याकडे कशी रुजणार? त्यांना मी आपल्याच दख्खनचा इतिहास सांगेन.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी प्रामुख्याने काय जाळले? सावकारांच्या घरांतली कर्जखते आणि वह्या. कारण कागद सगळा एकाच्याच हातात होता. किती घेतले, किती फेडले, किती राहिले, हे कर्जदाराला ठाऊक नसे.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात एक कलमांचा गुच्छ आहे तो आज मुद्दाम आठवावा असा आहे. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा हक्क, वर्षातून एकदा हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्क आणि वेळोवेळी नोंद केलेले पासबुक मागण्याचा हक्क, हे तिन्ही त्यात होते. म्हणजे अमेरिकेच्या त्या कायद्याच्या ९५ वर्षे आधी आपल्या पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या शेतकऱ्याला कागद मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता. हिसका दाखवल्यावर मिळाला, पण मिळाला.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जर्मनीत राइफायझेन नावाच्या गावकारभाऱ्याने १८६४ मध्ये हेडेसडोर्फ इथे शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यायची, हे तिचे सूत्र. मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास करून १८९५ आणि १८९७ मध्ये अहवाल दिला आणि राइफायझेनचा मार्ग हिंदुस्थानाने धरावा असे सुचवले. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यातून आला. आपल्या गावातली सोसायटी त्याच झाडाची फांदी. आणि हेच निकल्सन १९०७ मध्ये मद्रासच्या मत्स्य खात्याच्या उभारणीला लागले! शेतकऱ्याचे कर्ज आणि कोळ्याचे कर्ज ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत, हे त्या गृहस्थाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आपल्या बँकांना ते २०१९ मध्ये परिपत्रकाने सांगावे लागले.

ठेवीदारालाही उत्तर हवे

कर्जाचे झाले. आता ठेवीचे पाहू, कारण गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी असते.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उपनगरातच, भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. एका रात्रीत ठेवीदाराला कळले की सहा महिन्यांत आपल्याच खात्यातून १ हजार रुपयेच काढता येतील. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १ लाखावर गेली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांवरच्या ठेवी मात्र दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत परत करायचे ठरले. म्हातारपणाची पुंजी असलेल्या माणसाला दहा वर्षे थांबा म्हणणे याला काय म्हणावे?

ब्रिटनमध्येही असे घडले आहे. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेबाहेर लोकांच्या रांगा लागल्या. त्या वेळी तिथल्या विम्यात पहिले २ हजार पौंड पूर्ण आणि त्यावरच्या ३३ हजार पौंडांचे ९० टक्केच मिळत. लोक घाबरले यात नवल नाही. त्यांनी धडा घेतला. विमा पूर्ण रकमेचा केला, वाढवत नेला आणि डिसेंबर २०२५ पासून तो १ लाख २० हजार पौंड आहे. पैसे सात कामकाजी दिवसांत द्यायचे, असा तिथल्या विमा यंत्रणेचा प्रयत्न असतो. अमेरिकेत १० मार्च २०२३ या शुक्रवारी सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली आणि सोमवारी ठेवीदारांना पैसे उपलब्ध झाले. विम्याच्या मर्यादेवरच्या ठेवींनाही सरकारने त्या वेळी संरक्षण दिले.

आपणही हललो, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे ठेवींचा विमा १९६२ पासून आहे. पण १९९३ पासून तो १ लाखावर अडून बसला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाख झाला. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा दोन आठवड्यांत २५ हजारांपर्यंत रक्कम काढायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. २०१९ पेक्षा हे बरेच बरे. सात दिवस आणि नव्वद दिवस यांत अंतर आहे खरे, पण मुदत कायद्यात लिहिली गेली, हीच मोठी गोष्ट. तारीख लिहिलेली असली की जाब विचारता येतो.

तिकडेही सगळे सोने नाही

परदेशाच्या नावाने हुरळून जाण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये गेल्या दहा वर्षांत हजारो शाखा बंद झाल्या आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांची फरपट झाली. शेवटी २०२३ मध्ये कायदा करावा लागला. सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या मोठ्या बँकांना शाखा बंद करण्याआधी त्या गावच्या रोख पैशाच्या गरजेची पाहणी करावी लागते. काही गावांत अनेक बँका मिळून एकच सामाईक केंद्र चालवतात. जपानच्या त्या नोरिनचुकिन बँकेनेही परदेशी रोख्यांत हात पोळून घेतले आणि मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात प्रचंड तोटा सोसला. बँक कुठलीही असो, लक्ष ठेवणारा गिऱ्हाईक नसेल तर ती सुस्तावते.

आपल्या बँकवाल्यांचीही बाजू आहे. माणसे कमी, टार्गेटे जास्त. मुंबईतल्या शाखेत गृहकर्ज आणि विम्याचा धडाका, तिथे शेतीकर्ज हाताळलेला अधिकारी असेलच असे नाही. अग्रणी बँक योजना १९६९ मध्ये आली, पण महानगरांतले जिल्हे तिच्याखाली आणले गेले ते २०१३ मध्ये. त्यामुळे शहरातला कोळी हा ना गावातला शेतकरी, ना शहरातला पगारदार, असा मधल्यामध्ये राहिला. बोट हे फिरते तारण. ती बुडू शकते, विकली जाऊ शकते. कर्ज घेऊन न फेडणारे आपल्यातही आहेत आणि माफीच्या वाटेकडे डोळे लावून बसणारेही. त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसाची पत जाते. म्हणून प्रत्येक अर्ज मंजूर करा असे माझे म्हणणे नाही. बँकेने विचार करून नाही म्हणावे, तो तिचा अधिकार आहे. फक्त तिने ते कागदावर म्हणावे.

आता करायचे काय?

वेसाव्याचा तांडेल असो की आपल्या तालुक्यातला दोन एकरांचा शेतकरी, पुढच्या चार गोष्टी दोघांनाही लागू आहेत.

एक, अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेऊनच उठावे. अर्जाचे फॉर्म आणि पासबुक मराठीतही असणे हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो नम्रपणे सांगावा. काउंटरवर पोच नाकारली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पोस्टाची पावती हीसुद्धा पोचच.

दोन, नकार आला तर कारण लेखी मागावे. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, लोकपाल त्यात पडत नाही. पण अर्ज न घेणे, पोच न देणे, कारण न सांगणे ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रार त्या शब्दांत लिहावी. "कर्ज दिले नाही" असे लिहिले तर ती पहिल्याच पायरीवर परत येईल.

तीन, कर्ज मंजूर झाले तर एकूण खर्चाचा तक्ता मागून घ्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांना असा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. व्याज, फी, विमा सगळे त्यात येते. आणि घर किंवा जमीन गहाण ठेवून घेतलेले कर्ज फिटल्यावर तिची कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. किती जणांची कागदपत्रे वर्षानुवर्षे बँकेच्या कपाटात धूळ खात पडली आहेत, एकदा गावात विचारून पाहा.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, एकट्याने जाऊ नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या हंगामाची तयारी चाललेली. याच दोन महिन्यांत सोसायटीने सर्वांचे अर्ज एकत्र करावेत, बोटीचे दाखले, परवाने, डिझेलची बिले, विक्रीच्या पट्ट्या लावून एका दिवशी बँकेत न्यावेत. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याला बरोबर घ्यावे. आपल्याकडे हेच खरिपाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये करता येते. आमच्या खात्याचा माणूस अशा वेळी शेजारी उभा राहिला पाहिजे, ते आमचे कामच आहे. एका माणसाला "उद्या या" म्हणणे सोपे असते. पन्नास अर्जांचा गठ्ठा टेबलावर आला आणि प्रत्येकाची पोच मागितली, की टेबलही जरा सरळ होऊन बसते.

बँकेने हसून बोलावे, खुर्ची द्यावी, जमल्यास पाणीही विचारावे. कोणाला नको आहे? पण हसण्याची तक्रार कोणत्याही लोकपालाकडे चालत नाही. चालतो तो कागद. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांनी हातात कागद नाही म्हणून सावकाराच्या वह्या जाळल्या. आज कागद मिळण्याचा हक्क आपल्याला आहे, तो मिळवायला काही जाळावे लागत नाही. फक्त बँकेच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी एवढे म्हणायला शिकले पाहिजे, "साहेब, नाही म्हणता ना? मग तेवढे लिहून द्या."